समुद्रसपाटीपासून उंची

आमच्या शहरात समुद्र एकाच ठिकाणी लिहिलेला आहे,
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर, खालच्या ओळीत,
तीनशे आणि वर काही मीटर.
ती ओळ बाबा रंगवायचे.
हुद्दा: खलाशी.
रेल्वेच्या कागदावर तसंच असतं.
शाळेत बाईंनी वडील काय करतात विचारलं
तेव्हा मी तेच सांगितलं,
आणि अख्खा वर्ग हसला,
नागपुरात कुठलं गं जहाज?

आता मी गिट्टीखदानला, एका दुसऱ्या मजल्यावर,
पश्चिमेचं एक बंदर सांभाळते.
एक कोटी चाळीस लाख बिंदू.
प्रत्येकाला अक्षांश, रेखांश, खोली, वेळ
आणि मोजणाऱ्या बोटीचं नाव.
ती पाण्यात तासं पाडत जाते,
रात्री फाइली येतात,
सकाळी मी आणि निखत निवडायला बसतो.

बोकारे सर म्हणतात, आधी दोन्ही शून्यं जुळवा.
जमीन मोजतात सरासरी समुद्रापासून,
पाणी मोजतात सगळ्यात ओसरलेल्या ओहोटीपासून.
विसरलं तर धक्का अडीच मीटर खाली बसतो,
गोदामांत भरती शिरते,
कुणाची चप्पलही भिजत नाही.

खोलीला निळा सगळेच देतात.
उथळाला मी भिवापुरी मिरचीचा लाल दिला.
निखतला पडदा पाहूनच ठसका लागतो.
बाहेर सेहेचाळीस.
कूलरची गाज दिवसभर,
दुपारी त्याच्या टाकीत दोन बादल्या ओतते
ती माझी भरती.

मार्चच्या मोजणीत, जलमार्गाच्या दक्षिण कडेला
अकरा बिंदू एकदम वर आले होते.
भोवती बारा मीटर, तेवढ्यातच सात.
असं माशांच्या थव्यानं होतं, बुडबुड्यांनी होतं,
यंत्राच्या उचकीनं होतं.
नियम सांगतो, शेजाऱ्यांशी जुळत नाही तो पुसा.
मी पुसले.
तळ गुळगुळीत झाला,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखा.
सर म्हणाले, छान.

गुरुवारी बंदरावरून फोन.
तांडेल म्हणून कुणी, आवाजामागे वारा.
मॅडम, तुमच्या नकाशात आमचं एक दिसत नाही.
काय?
बार्ज. मागच्या श्रावणात बसली.
माणसं निघाली, वाळू राहिली.
आम्ही तिला वळसा घालतो,
तुमचा नकाशा सरळ जातो.

मी काही बोलले नाही.
कूलर बोलत होता.

जुन्या फाइली आम्ही टाकत नाही, एवढं एक बरं.
अकरा बिंदू परत आले,
निळ्यात तिळाएवढा लाल.
मग जानेवारीपासून पुसलेलं सगळं काढलं,
दोन हजार तीनशे आणि काही.
निखतनं डबा उघडून माझ्यासमोर ठेवला,
थंड झाला.
बहुतेक मासेच होते.
बहुतेक.

रात्री लॅपटॉप घरी नेला.
बाबांच्या डाव्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय,
हिरवी पट्टी वर करून त्यांनी पाहिलं.
पाणी कुटी हाये यात?
म्हटलं, पाणी काढून ठेवलंय बाबा, हा तळ आहे.
मंग जहाज कायच्यावर चालते?
त्यांच्याच विनोदाला ते बराच वेळ हसले.
चाळीस वर्षं खलाशी,
समुद्र एकदाही नाही.

मग बोट त्या लालावर आलं.
नखाच्या कडेला जुना काळा रंग
अजून आहे, की मला वाटतं.
हे काय होय?
बुडालेली बार्ज.
याचं नाव काऊन नाई लिवलं?

नकाशात तेवढी जागा होती.
मोजणीत नाव नव्हतं.
एक कोटी चाळीस लाखांत
बोटींची नावं होती, मोजणाऱ्या बोटींची.

सकाळी तांडेलांना फोन लावला, नाव विचारलं.
पलीकडे फक्त वारा, थोडा वेळ.
मग ते म्हणाले,
लिहून घ्या.