उशिरा आणि कमी दाबाने

गुरुवारच्या बंदचं निवेदन मीच टाइप करते.
‘देखभाल-दुरुस्तीच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद राहील.
शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येईल.
नागरिकांनी सहकार्य करावे.’
नऊ वर्षं हेच. फक्त तारीख बदलते,
आणि कधी पर्वती, कधी वारजे, कधी वडगाव.

पाचव्या महिन्यात, झेरॉक्स मशीनपुढे उभी असताना
कानात आधी बारीक शिट्टी वाजली,
मग कडांकडून काळं होत आलं,
मशीनचा हिरवा उजेड
कात्रजच्या बोगद्यापलीकडे असावा एवढा लांब गेला.
डोळे उघडले तेव्हा माझे पाय फायलींच्या गठ्ठ्यावर,
आणि सोनकांबळे मामा
एका रद्द निविदेनं वारा घालत होते.

फुलपगार सिस्टरनं पट्टा दोनदा बांधला.
शहाऐंशी, चोपन्न.
‘या दिवसांत होतं असं. रक्त वाढतं,
पण रस्ते त्याहून जास्त रुंद होतात.’
‘रस्तारुंदी म्हणा ना,’ मी म्हणाले.
ती हसली नाही.
कुणाचं तरी घर गेलं असेल तिच्याही रस्तारुंदीत.

सासवडहून सासूबाईंचा फोन: बीट खा, रक्त कमी आहे.
शेजारच्या शहापूरकर वहिनी: खजूर खा, रक्त कमी आहे.
रक्त आहे हो. पोचत नाहीये.
खडकवासल्यात पाणी असतं
आणि आंबेगाव पठारावर तिसऱ्या मजल्यावर नसतं,
तसं.

मामा तीस वर्षं व्हॉल्व्ह उघडतात, पहाटे साडेतीनला,
खांद्याएवढ्या लोखंडी चावीनं.
ते म्हणाले, ‘मॅडम, एकदम उघडायचं नाही.
एकदम उघडलं की नुसती हवा येते, नळ ओरडतात.
अर्धा फेरा. थांबायचं. पाइपाचं ऐकायचं.
मग पुढचा.’

तशी उठते मी आता.
डाव्या कुशीवरून कोपरावर. अर्धा फेरा.
पलंगाच्या काठावर बसून पावलं हलवायची,
मिलिंदनं उशाशी ठेवलेली दोन बिस्किटं,
भिंतीवर हात,
भिंत काय म्हणते ते ऐकायचं.
पर्समध्ये मीठ-साखरेची पुडी आणि लिंबू.
बसमध्ये उभं राहायचं नाही. हे सगळ्यात अवघड,
कारण ‘उठता का जरा’ म्हणताना
माझाच आवाज उशिरा आणि कमी दाबाने येतो.

दिवस निभतो.
रात्री मात्र फोन वाजायला लागतात, डोक्यात.
लाइनीच्या शेवटच्या टोकाला राहणारे लोक,
ज्यांना मी नऊ वर्षं ‘नोंद घेतली आहे’ सांगत आले:
मॅडम, आमच्यापर्यंत येतच नाही.
मॅडम, आमच्याकडे थेंब नाही.
माझ्या डोक्यापर्यंत पोचत नाही,
तर तिथवर, त्या टोकाला?
सिस्टर म्हणाली, त्याची सोय आधी होते, तुझी मागून.
सिस्टरचं म्हणणं मी लिहून घेतलं,
तारखेसह.

सगळे विचारायचे, फिरलं का गं बाळ?
अजून नाही.
माझ्या आतेबहिणीचं अठराव्या आठवड्यात फिरलं होतं.
माझा एकविसावा उजाडला.

शुक्रवार. सकाळी सव्वानऊ.
स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मी नळाची वाट बघत होते.
आधी तो खोकला, हवा सोडली त्यानं,
गढूळ दोन थेंब,
मग करंगळीएवढी धार, तीही तुटत तुटत.
बादलीच्या तळाशी टपटप सुरू झाली
आणि बेंबीच्या खाली, डावीकडे,
काहीतरी पापणीएवढं लवलं.

गॅस असेल, म्हटलं.
मग पुन्हा.

मिलिंद आंघोळीला खोळंबला होता, हाका मारत होता.
बादली भरली. धार चालूच. पाणी काठावरून सांडलं,
फरशीवरून माझ्या पावलांपर्यंत आलं.
पाणीपुरवठा विभागाची वरिष्ठ लिपिक,
मी ते वाहू दिलं.
नळ हाताच्या अंतरावर होता,
पण एकदम उठायचं नसतं.