पाठीचा फोटो नाही

आधी मांजरपाटावर करून पाहू, म्हटलं.
सॅटिनमध्ये चुकलेली सुई
भोक ठेवून जाते.
इस्त्रीने बुजत नाही ते.

कुमुदवन्सं मोबाइल धरून उभ्या.
लाल गालिच्यावर ती नटी,
शिंपल्याच्या आतल्या रंगाचा गाऊन,
मागे सहा फूट लोळणारा घोळ
आणि घोळ सावरायला काळ्या कपड्यांतल्या दोन पोरी,
अर्ध्या फोटोबाहेर.
"अस्साच," वन्सं म्हणाल्या. "सेंड-ऑफला."
वय अठ्ठावन्न. पालिकेच्या पाणीपट्टीची खिडकी, चौतीस वर्षं.
मी हसले नाही.
तोंडात टाचण्या होत्या.

मंगलदास मार्केटात अकरा मीटर फाडून घेतलं.
लग्न कुणाचं, दुकानदाराने विचारलं.
माझं, म्हणाल्या वन्सं, आणि नोटा मोजू लागल्या.
दर पाचव्या नोटेला बोट बाजूला जायचं,
ओल्या स्पंजावर टेकायला.
स्पंज नव्हता. हवेतच टेकायचं.

कन्नमवार नगरातली माझी खोली दहा बाय बारा.
पलंग भिंतीला उभा केला
तरी घोळ दोन फूट उंबऱ्याबाहेर, गॅलरीत.
शेजारचा पोरगा रिमोटची गाडी थांबवून विचारतो,
काकी, तंबू कोणाचा?
कागदी बेत जुन्या पेपरांचा:
छातीवर जाहीर नोटीस,
डाव्या कळीवर वधू पाहिजे, गोरी, गृहकृत्यदक्ष.

तिचे मोती खरे असतील.
आमचे दारावरच्या तोरणातले,
दहावीच्या सुट्टीत वन्संनीच ओवलेले.
साबणाच्या पाण्यात चार दिवस ठेवले.
मेणचटपणा गेला.
उदबत्तीचा वास नाही गेला.

तिसऱ्या आठवड्यात अडले.
पाठ.
सगळे फोटो समोरून. कमरेवर हात, मान तिरकी.
पाठीला चेन आहे, हूक आहेत,
की नुसत्या पिना मारून उभी केलीय तिला,
कोण सांगणार?
रात्री दोन बोटांनी फोटो ताणत बसले,
ताणला की नुसते चौकोन.

वन्संना सांगितलं.
म्हणाल्या, माझी तरी कुणी पाहिलीय?
काचेच्या भोकातून तोंड दिसायचं, आणि पावती सरकवणारी बोटं.
एकदा बारा दिवस पाणी नव्हतं,
तेव्हा एक बाई भांडता भांडता थांबून म्हणाली,
तुम्हाला पाय तरी आहेत का हो?

मग पाठ माझ्या मनाने बेतली.
तीस वर्षं लोकींचे ब्लाउज शिवले,
त्यातली एक मनात राहिलेली,
कुणी मागितलीच नाही अशी.
मानेखाली वीतभर मोकळी, खाली नऊ कापडी बटणं,
एकटीला लावता येणार नाहीत अशी.
वन्संचं घर घाटकोपरला, दुसरं माणूस नाही.
म्हणजे त्या दिवशी मला जावंच लागेल.

उजव्या शिवणीत खिसा.
किल्ल्या, आणि बीपीची गोळी.
आणि कडांना दीड इंच दाब सोडला.
नटीच्या गाऊनला दाब नसणार,
तिला कुठे तो पुन्हा घालायचाय.

शेवटच्या फिटिंगला म्हटलं, बसून दाखवा.
फोटोतल्या बाईला कुणी बसवलं नव्हतं.
वन्संना बसवतील, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर,
वेफर्सची बशी हातात, साहेबांचं भाषण.
वन्सं बसल्या. टीप करकरली, पण धरून राहिली.

आणि मग आठवलं दोघींनाही एकदमच:
नारळ देतील.
शाल पांघरतील.
नेमकी पाठीवरून.

दोघी बराच वेळ गप्प.
मग माझं हसू सुटलं, त्यांचं त्याहून मोठं,
एक बटण टपकन उडून मशीनखाली गेलं.

ते लावून झाल्यावर म्हटलं, वळा.
वळल्या. कपाटाच्या आरशाकडे तोंड.
मी मोबाइल घेतला, दोन पावलं मागे सरले,
गॅलरीपर्यंत.
"माझ्याकडे बघू का?"
नको, म्हटलं.