बाहीचं माप

रुवीच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर
माझं मशीन चालतं.
जून महिना. खिडकीपलीकडे बोडके डोंगर
भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटांसारखे,
आणि हेमांगी म्हणते, बाह्या मनगटापर्यंत हव्यात.

मागच्या वर्षी कोपरापर्यंत होत्या.
त्याआधी, नवी आली तेव्हा, बिनबाह्यांचे दोन शिवले होते,
एक अबोली, एक मोरपिशी.
माझ्या वहीत सगळं आहे.
छाती दोन इंच उतरली, कंबर तीन.
आवाज किती उतरला, त्याला टेप लागत नाही.

'एसीनं गारठायला होतं,' ती म्हणते.
मी विचारलं नव्हतं.
कपाटाच्या दाराला धक्का लागला, तर त्यालाही सॉरी म्हणाली.
अस्तर कुठल्या रंगाचं लावू?
'यांना विचारून सांगते.'
अस्तर. जे कोणालाच दिसणार नाही.

तिची केया, सहा वर्षांची,
माझ्या टाचण्या फरशीवर ओळीनं लावत बसते.
लिफ्ट वाजते. पोरीचा हात थांबतो.
पावलं पुढे निघून जातात.
'हे बाबा नाहीत,' ती आईला हळूच सांगते,
दुसरी पोरं पाढे सांगतात तसं, बिनचूक.

मी मागून टेप गळ्याभोवती नेली
आणि हेमांगी होती तिथेच उभी राहून
निघून गेली.
डोळे उघडे. श्वास नाही.

चूक माझी. मला तरी कळायला हवं होतं.
अकरा वर्षं झाली ते घर सोडून,
अजून कोणी टाळी द्यायला हात उचलला
की मान आपोआप आत जाते,
आणि मग मी हसून म्हणते, चमक भरली.

मी समोर आले. टेपचं टोक तिच्या हातात दिलं.
'तूच घे माप. मी लिहिते.'
बराच वेळ नुसतं धरून उभी होती,
पिवळी पट्टी दोघींच्या मध्ये, सैल.

मग: 'साडेतेरा.'
मग: 'व्हिसा त्यांच्यावर आहे माझा.'
मग: 'पासपोर्ट कुलपात असतो.'
मी साडेतेरा लिहिलं.
बाकीच्याला वहीत रकाना नव्हता.
पान उलटून मागच्या बाजूला लिहून ठेवलं, तारखेसकट.

गुरुवारी ट्रायलला येऊ का, तिनं दारातून विचारलं.
ये म्हटलं. ब्लाउज झाला नसला तरी ये.

केयाच्या टाचण्या मी अजून उचललेल्या नाहीत.
सगळ्या सरळ आहेत. एक तेवढी आडवी,
लिफ्ट वाजली तेव्हाची.