जर आणि तर

लुनेनबर्गमध्ये, लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमचं प्रकाशन.
तीन माणसं, दीड पगार,
आणि खालच्या ड्रायरमुळे हिवाळ्यातही कोमट राहणारी जमीन.
मी बूट काढून वाचते.

दार उघडतो फक्त ऑक्टोबरात.
पहिली पन्नास पानं पाठवा, एका पानात गोषवारा,
ओळींत मोकळी जागा, साधा टाइप, आणि कृपा करून
मांजराचा फोटो नको.
तरी मांजरं येतातच.

यंदा सहाशे बारा.
हॉलिस झ्विकर वर्षाला चार पुस्तकं काढतात.
पाचवं काढायचं तर ट्रक विकावा लागेल,
आणि ट्रक विकला तर ती चार दुकानांत पोचवणार कोण?
म्हणून सहाशे आठ वेळा नाही म्हणायचं.
ते माझं काम.
पहिल्या वर्षी मी प्रत्येकाला कारण कळवलं.
एका गृहस्थांनी कारणाला चौदा पानी उत्तर धाडलं,
आणि खरं सांगते, ते त्यांच्या कादंबरीहून सरस होतं.
आता लिहिते : आमच्या यादीत बसत नाही.
यादी म्हणजे जणू चर्चमधला बाक,
आणि तुम्ही जरा जाड.

अठ्ठावीस तारखेला व्हर्ना कॉर्कमचं पाकीट.
पत्र एवढंच :
मी लाहेव्ह नदीवर तर चालवते, तारेला बांधलेली.
पाच मिनिटं जायला, पाच यायला.
प्रकरणं लहान आहेत ती त्यामुळे.
आधी काही छापलेलं नाही.

गोषवारा : एक बाई मेलेल्या नवऱ्याची होडी विकते.
मग परत घेते. जास्त पैसे देऊन.

चाळिसाव्या पानावर होते तेव्हा
खालचे ड्रायर कधीच थांबले होते,
पाय गारठले होते, मला पत्ता नव्हता.
तिथे ती बाई गिऱ्हाइकाला
इंजिनाची एक खोड सांगायची विसरते,
मुद्दाम,
आणि रात्रभर फोनपाशी बसते.
फोन वाजतो का?
पन्नासावं पान तिथेच संपलं.

मी कळवलं : बाकीची पाठवा.
नऊ दिवसांनी उत्तर :
बाकीची नाहीत.
तुम्ही मागाल असं वाटलं नव्हतं.
नियमात पन्नास होती, तेवढीच लिहिली.
आता काय करू?

हॉलिस डोळ्यांत पाणी येईतो हसले,
मग चष्मा पुसत म्हणाले,
अर्धी कादंबरी म्हणजे अर्धा पूल.
तिला पुलाचं काय सांगता, मी म्हटलं, ती तरवाली.
दोघांनी मिळून पत्र लिहिलं :
जर पुरी झाली, जर मे महिन्याच्या आत झाली,
जर अनुदान आलं, जर कागद आणखी महागला नाही...
पत्रभर नुसते जर.
तर तिच्याकडे.

मार्चमध्ये, उगाच, नदीकडे गेले.
कोण मी, ते सांगायचं नाही असं ठरवून.
रांगेत सहा गाड्या, माझी चौथी.
काठाला बर्फाचा पापुद्रा, पाणी शिशाच्या रंगाचं.
केबिनच्या काचेआड नारिंगी जाकिटातली
साठीची रुंद बाई,
तोंडात हातमोजा धरून
काहीतरी खरडत होती, काहीतरी खोडत.

पलीकडे पोचलो. तर टेकली.
उतरायचा फळा मात्र खाली येईना.
मागच्या मासळीच्या व्हॅननं हॉर्न दिला, मग आणखी कोणी.
तिनं मान वर न करता एक बोट दाखवलं :
थांबा.

मी इंजिन बंद केलं.
फोन वाजला असेल का, एवढंच डोक्यात.
व्हॅनवाला उतरून माझ्या काचेपाशी आला,
म्हणाला, रोज हेच, हिची तक्रार करायला हवी.
मी म्हटलं, हो, करायला हवी.
आणि काच वर केली.