नंतर

क्लाक्सविकमध्ये पहाटे चारला
मासळीच्या कारखान्यातून परतले,
बोटांना अजून कॉडचा वास,
तर रान्वा स्वयंपाकघरात जागी.
मांडीवर हेयिनमामाचा हातातला गेम,
पडद्यावर प्रश्न:
नवी आवृत्ती तयार आहे. आत्ता, की नंतर?

चार्जर लावलेला. बॅटरी एकसष्ट टक्के.
यादीत सतरा भाषा, मी दोनदा मोजल्या.
आमची नाही.

हेयिनने दोन हिवाळे घातले या डबीत.
बोट धक्क्याला लागली की बूटही न काढता बसायचा.
कुलूप कुठे ढिलं आहे ते त्याने हुडकलं
आणि त्या फटीतून एकेक वाक्य आत सरकवलं.
मूळ खेळात धुक्याला एकच शब्द होता,
त्याने पाच घातले.
राक्षस आता शेजारच्या म्हाताऱ्या येक्वानसारखा कुरकुरतो,
आणि दुकानदारीण, उधारीला नाही म्हणताना,
हुबेहूब आमची आई.

नव्या आवृत्तीत ती फट बुजवली आहे.
सुरक्षिततेसाठी, असं खाली बारीक अक्षरांत.
हेयिन आत्ता आइसलंडच्या पलीकडे. रेंज नाही.

"नवा नकाशा मिळेल गं," रान्वा म्हणाली.
मग थांबून, "पण राक्षस कुठल्या भाषेत बोलेल?"
डॅनिशमध्ये, मी म्हटलं, मोजे काढत.
"म्हणजे शाळेतल्या बाईंसारखा."

अंगठा सरकला. नंतर.
यंत्राने विचारलं, आठवण कधी करू?
सगळ्यात लांबचा पर्याय होता
उद्या.