अठ्ठेचाळिसावा तास

दुपारी ब्लेडने दोन चकत्या कापल्या,
एक निळी, एक बिनरंगी,
आणि काचेवर कडेला कड लावून ठेवल्या.
चहा पिऊन आले तोवर
निळाई शीव ओलांडून पलीकडे झिरपली होती.
चिमट्याने उचललं तर अख्खं एकच लोंबलं.
जोड शोधावा लागला.

हे गाइडना दाखवायच्या आधी मी
गांगुर्डेमामांना दाखवलं.
बीकर धुता धुता त्यांनी वाकून पाहिलं
आणि म्हणाले,
"आमच्या भावाभावांत टाकता येईल का, ताई?"
हसलो दोघंही,
गंगापूर रोडच्या या तिसऱ्या मजल्यावर,
जिथे एसी फक्त यंत्रांसाठी आहे.

कोळंबीच्या टरफलांतून काढलेलं हे.
सिरिंजचा दट्ट्या दाबला की मोडतं,
पातळ होऊन सुईतून निघतं
आणि पलीकडे पोचलं की थांबून
पुन्हा आपलं आपण धरतं.
मोडल्याचं त्याला काही वाटत नाही.
मामांना मी म्हटलं,
तुमच्या दिंडोरीच्या बागेत ठिबक आहे ना?
"आहे की. आधी पाट होता.
पाटाचं पाणी बांधालाही आणि गवतालाही.
मुळाला काय उरेल ते."
मग हे ठिबक समजा, गाठीच्या मुळाशी.
ते बराच वेळ एकच बीकर विसळत राहिले.
"हिला पाटानंच देतात," म्हणाले.

तेव्हा कळलं.

दर एकवीस दिवसांनी लाल औषध.
एका घराला द्यायची नोटीस
अख्ख्या गावाला.
केस गेले, मग चव गेली,
डाव्या हाताची शीर सुतळीसारखी कडक झाली.
मिसळीची तर्री तिच्या पुढ्यात ठेवली
तर म्हणते, गरम पाणी का दिलं?
तेच लाल माझ्या फ्रीजमध्ये आहे,
ब्राऊन बाटलीत, मिलिग्रॅमच्या हिशोबात.
मी ते हातमोजे घालूनच हाताळते.

बॅच एक ते दहा: पहिल्याच तासात
अर्धंअधिक औषध ओकून मोकळ्या.
बॅच अकरा जरा समजूतदार.
दोन बाटल्या ठेवल्या हलत्या पाण्यात,
एक रक्ताच्या चवीची,
एक किंचित आंबट, गाठीचं पाणी असतं तशी.
पहाटे साडेतीनचा अलार्म.
निफाडला पारा सहावर, बागाईतदार
द्राक्षाच्या बांधाला शेकोट्या लावून बसलेले,
आणि इथे सदतीस अंश, हलणारं पाणी,
मी स्वेटरवर अ‍ॅप्रन घालून
थेंब थेंब काढते.
आंबट बाटली गुलाबी होत चाललीय.
दुसरी जवळजवळ कोरी.
जिथे सुटायला हवं तिथेच सुटतंय.
हे ओरडून सांगायला मजल्यावर कुणी नव्हतं.

सहाला मामा आले, दवाखान्याचा डबा हातात.
गुलाबी बाटली उजेडात धरून पाहिली.
"माणसात कधी?"
आधी उंदीर, मी म्हटलं, मग ससे, मग परवानग्या,
मग...
बोटांवर मोजलं नाही मी.
मोजलं असतं तर दोन्ही हात संपले असते
आणि ते त्यांना दिसलं असतं.
त्यांनी मान हलवली,
झाडू भिंतीला लावला, मग पुन्हा उचलला.
जाताना म्हणाले,
"बिनऔषधाची एक चकती द्याल? नुसती दाखवायला."
नियमात बसत नाही. दिली.
डब्याच्या वरच्या झाकणात, ओल्या कापसावर.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं ते असं:
सलाईन चालू होतं.
छबाबाईंनी केळं कापायच्या चाकूने चकती कापली,
तुकडे जवळ ठेवले, वाट पाहिली.
जुळली. पुन्हा कापली.
नर्स ओरडली तेव्हा लपवली उशाखाली.
तिसऱ्यांदा कापून हातात धरून बसल्या,
जुळली तेव्हा म्हणाल्या,
"लई सोशिक हाय की गं बाय ही."

माझ्या वहीत अठ्ठेचाळिसाव्या तासासमोर
आंबट: एकाहत्तर टक्के. दुसरी: एकोणीस.
खाली गाइडची सही, हिरव्या शाईत.

झाकण मामांनी घासून पुसून परत आणलं.
चकती आणली नाही.
मीही विचारली नाही.