हजर, गैरहजर

फळ्यावर अजून मार्च आहे.
शुक्रवार, तेरा. पट ३८, हजर ३१, गैरहजर ७.
कुणी पुसलं नाही, मलाही पुसवेना.
सप्टेंबर संपत आलाय
आणि चौथीच्या वर्गात मी किट मांडतेय
बाकांवर. बाक इतके बुटके
की माणसं गुडघे छातीशी घेऊन बसतात
आणि आपोआप शहाण्यासारखी वागतात.

एक थेंब बोटाचा, दोन थेंब बाटलीतले.
पंधरा मिनिटं.
वहिनीचं केकचं घड्याळ आणलंय मी घरून,
कोंबडीच्या आकाराचं.
सी-ची रेघ आली म्हणजे पट्टी शुद्धीवर आहे.
एम आली तर पाहुणा अलीकडचा.
जी आली तर तो येऊन गेला,
ओसरीवर चपलांची माती राहिलीय तेवढी.
हे मी दिवसातून ऐंशी वेळा सांगते.

दिगंबर वडनेरे, वय एकसष्ट, तांबट आळी.
सुई आत जाईना.
एक वाकली. दुसरी नुसतीच टचकन वाजून परतली.
"करंगळी बघा," ते म्हणाले,
"ती तेवढी रिकामटेकडी."
आणि घाई करा म्हणाले, अधिक महिना आहे,
जावयांची ताम्हनं खोळंबलीत.

करंगळीनं दिलं.

कोंबडी वाजली तेव्हा सी होती
आणि तिच्याजवळ जी,
ठसठशीत, पट्टी ठेवून आखावी तशी.
काका, तुम्हाला होऊन गेलाय.
"मला? मी तर शिंकलोही नाही."
पुष्कळांना कळतही नाही, मी म्हटलं.
शेजारच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, सुटलात की हो!
ते हसले नाहीत.

"ही रेघ कधीची?"
ते नाही कळत यात.
"आषाढातली की श्रावणातली, एवढं तरी?"
नाही, काका.
"बरं. माझ्याकडून मोरेश्वरकडे गेला,
की त्याच्याकडून माझ्याकडे?"

माझे हातमोजे घामानं चिकटले होते.
मग ते सावकाश बोलले, माझ्याशी नाही, पट्टीशी:
"मठारलेलं कुठलंही भांडं आणा, शंभर वर्षांचं आणा,
ठोका बघून हात सांगतो.
बाबांचा खोल, दाट.
मोरेश्वरचा डावखुरा, उतरत जाणारा.
एका हंड्याला आम्ही दोघं बसायचो समोरासमोर,
तरी वेगळा काढून दाखवीन कुठला कुणाचा.
आणि तुमच्या ह्या एवढ्याशा..."
पुढचं त्यांनी गिळलं.
कापसाचा बोळा करंगळीवर दाबून गेले.

धाकटा भाऊ. अमरधामला चौघांनाच सोडलं होतं,
हे त्यांत नव्हते. घराला पत्रे ठोकलेले.
हे मला मागाहून त्या बाईंनी सांगितलं,
सॅनिटायझर चोळत, कोपरापर्यंत.

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो.
मी बराच वेळ पेन धरून बसले.
मग लिहिलं: नमुना करंगळीचा.

संध्याकाळी एक किट उरलं.
दार लोटून मी स्वतःला टोचलं.
सहा महिने बिटकोच्या रांगेत
लोकांच्या घशात काडी घातलीय मी,
माझ्या तोंडावर खोकलेत लोक,
एक तर खोकता खोकता माफीही मागत होता.
सी आली.
फक्त सी.
बाकी पांढरं.
आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल.
पण मी पट्टी खिडकीशी नेली,
तिरकी धरली, चष्मा काढून पाहिली,
पुन्हा लावून पाहिली.
काय शोधत होते कोण जाणे.
सात गैरहजर.

बाहेर दिवेलागण झाली होती,
दहीपुलाच्या अंगानं ठोके ऐकू येत होते.
एक ठोका.
मग समोरच्यानं द्यावा
एवढी जागा.
मग पुन्हा त्याच हाताचा.